सरवदे मॅडमची भीती

सरवदे मॅडम आमच्या कारखान्यात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी तेलाच्या टाकीकडे बघितलंसुद्धा नाही. फाटकातून आत आल्या, पदर खोचला, चारी बाजूंना मान फिरवली आणि मला म्हणाल्या, "धाकटे मालक, काही झालं तर पळायचं कुठनं?"

मी म्हटलं, "काय होणारंय?"

"ते नंतर. आधी वाट दाखवा की."

मी मागचं दार दाखवलं. दारासमोर सुताचे गठ्ठे छातीपर्यंत रचलेले होते. "म्हणजे वाट नाही," असं म्हणून त्या तिथंच उभ्या राहिल्या आणि गठ्ठे हलेपर्यंत हलल्या नाहीत. माझे थोरले भाऊ अण्णा ऑफिसच्या काचेतून हे सगळं बघत होते. त्यांनी मला आत बोलावून विचारलं, "प्रदूषणाचं बघायला बाई आणलीस का वास्तुशास्त्र बघायला?"

अक्कलकोट रोडला आमची रंगाई आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. टॉवेलचं सूत रंगवतो. रंगाईला वाफ लागते, वाफेला बॉयलर, आणि आमच्या बॉयलरला लागतं फर्नेस ऑइल. काळं, काकवीसारखं दाट तेल. ते साठवायची आडवी लोखंडी टाकी आवारात आहे. अशा टाकीभोवती पक्की भिंत बांधावी लागते, म्हणजे टाकी फुटली तर तेल भिंतीच्या आत राहतं, नाल्यात जात नाही. आमच्याकडे भिंत होती. फक्त पावसाचं पाणी साचून डास होतात म्हणून आम्ही तिला एक भोक पाडून ठेवलं होतं. एका पावसात त्याच भोकातून तेलाचा ओघळ नाल्यात गेला, खालच्या वस्तीतल्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला आणि आम्हाला प्रदूषण मंडळाची नोटीस आली.

आमच्यासारख्या छोट्या कारखानदाराला असली नोटीस आली की वकील आठवतो, नाहीतर ओळखीचा नगरसेवक. करायचं काय, हे सांगणारं कोणी नसतं. ते काम सरवदे मॅडम करत. रंगाईवाले, गॅरेजवाले, फरसाणवाले, ज्यांच्याकडे म्हणून तेल साठवलेलं असे, त्यांना त्या शहाणं करत फिरायच्या. आधी माळशिरसकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्या केमिस्ट होत्या. ती नोकरी का सोडली असं विचारलं की सांगायच्या, "तिथं एक माणूस टाकीत उतरला होता." पुढचं वाक्य मी कधी ऐकलं नाही.

आज सोलापुरात मॅडम नाहीत. त्यांचं काम इथं बंद पडलं, आणि ते आमच्यामुळे. आमच्यामुळे असं लिहून मी पुन्हा अण्णांच्या मागं लपतोय. माझ्यामुळे. अण्णा हे वाचतील. वाचू देत.

मॅडम भित्र्या होत्या, आणि ते त्या कधीच लपवायच्या नाहीत. पालीला भ्यायच्या, लिफ्टला भ्यायच्या, शिडीला तर इतक्या की टाकीवर चढून बघायचं असलं की मलाच वर पाठवायच्या आणि खालून म्हणायच्या, "सावकाश हो, माझे पाय कापायला लागलेत." चढलेला मी आणि पाय त्यांचे कापायचे. रिक्षावाला बिडी ओढत असला तर भर उन्हात उतरून चालायला लागायच्या. नोटिशीला न घाबरणारा मालकसुद्धा एका वाक्यानं गार व्हायचा. ते वाक्य त्या अगदी साधेपणानं म्हणायच्या: "शेठ, मला भीती वाटतीय."

त्यांच्या पिशवीत एक मोठा स्टीलचा डबा असायचा. टाकीजवळ जायच्या आधी तो सगळ्यांपुढं फिरायचा. काडेपेटी, बिडी, लायटर, मोबाइल, सगळं त्यात. आमचे कामगार त्याला दानपेटी म्हणायचे. आमचा बॉयलरवाला मल्लप्पा तंबाखूची पुडी टाकायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "ती ठेव की, तंबाखूनं तू एकटाच मरशील." सगळे हसले. मल्लप्पाही हसला. तो मैंदर्गीचा, घरी कानडी बोलणारा. मॅडमही अक्कलकोट तालुक्यातल्याच, त्यामुळे दोघांचं कानडीतून चालायचं आणि आम्ही तोंडाकडे बघत बसायचो. आम्ही भाऊ आपसात घरच्या तेलुगूत बोलायचो तेव्हा त्यांचं जे होत असेल, ते आमचं व्हायचं.

डब्याशिवाय एक पांढरा रुमाल. झडपेखालून, जोडाखालून तो फिरवायचा आणि मालकाच्या नाकापुढं धरायचा. बोलायचं काही नाही. काळा डाग बोलायचा.

एकदा मी त्यांच्याबरोबर एका गॅरेजवर गेलो होतो. आमच्या आवारातली भिंत नीट झाली होती, भोक बुजवलं होतं, भिंतीच्या आत पाणी भरून ते टिकतं का हे मॅडमनी स्वतः बघितलं होतं, आणि ती भिंत बांधणारा गवंडी त्यांना गॅरेजसाठी हवा होता. गॅरेजवाले रफिकभाई, मोठ्या मनाचा माणूस. गाड्यांचं जळकं ऑइल ते साठवून ठेवत आणि उन्हाळ्यात सबंध आवारात शिंपडत.

"ये कायकू डालते, भाई?" मॅडमनी विचारलं. त्यांची दखनी माझ्यापेक्षा चांगली होती.

"धूल नै उडती ना, मॅडम. पानी मारो तो घंटे में सूख जाता. ये महिनाभर रैता."

तेवढ्यात चहा आला. मॅडमनी कप उचलला, ओठापर्यंत नेला आणि थांबल्या. "बोअर किधर है?"

रफिकभाईंनी बसल्या जागेवरून पायाखालची जमीन दाखवली. "यहींच है."

मॅडमनी कप हळूच खाली ठेवला. "मेरे कू डर लगता, भाई."

रफिकभाई त्या कपाकडे बघत राहिले. मग आपल्या कपाकडे. आतल्या खोलीतून त्यांची नात पाण्याची बाटली घेऊन शाळेला निघाली होती. ते उठले, तिच्या हातातून बाटली घेतली आणि ओतून टाकली. पोरगी रडायला लागली. पुढच्या आठवड्यात तिथं सिमेंटचा कट्टा झाला, त्यावर झाकणबंद पिंपं आली. मॅडमनी नियम एकही सांगितला नव्हता. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "नियम म्हणजे काय हो? आधी कुणीतरी घाबरलेलं असतं, आपण घाबरू नये म्हणून त्यानं लिहून ठेवलेलं असतं. लोकांना वाटतं सरकारनं लिहिलंय."

मला त्या दिवसापासून वास यायला लागले. बॉयलरचा आवाज जरा बदलला की मी ऑफिसातून उठायचो. अण्णा म्हणायचे, "बाईनं भूत लावलं तुला." मी हसायचो. हसायचो आणि उठायचोच.

आता खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रं बंद ठेवून पूजा करतात. बॉयलर थंड असतो, म्हणून टाकी साफ करायला सोयीचा दिवस तोच. तळाचा गाळ कधीच काढलेला नव्हता. नोटिशीच्या उत्तरात आम्ही तो काढायचं कबूल केलं होतं. मॅडमनी सगळं बजावून ठेवलं होतं. टाकी रिकामी करा, गाळ सुटायला डिझेल घालून ठेवा, वरचं झाकण आदल्या दिवशी उघडा, वारा खेळू द्या. दुपारी मी आतली हवा तपासायचं यंत्र घेऊन येते, तोपर्यंत तिथं कोणी फिरकायचं नाही. दोर आणून ठेवा. आणि आरती ऑफिसात करा, टाकीपाशी नको. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं होतं, मला, कारण अण्णांना सांगायची जबाबदारी माझी होती.

मी अण्णांना सांगितलं नाही. वडील बॉयलरला आणि टाकीला ओवाळायचे, अण्णा ओवाळतात. 'यंदा नको' हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस मी, पण अण्णांपुढं माझा आवाज चौथीतल्या मुलाचा होतो.

सकाळी मॅडमचा फोन आला. "आरती ऑफिसातच आहे ना?"

मी आवारात उभा होतो. टाकीच्या शिडीला झेंडूच्या माळा बांधणं चाललं होतं. अण्णा शेजारी.

"हो हो," मी म्हणालो. "ऑफिसातच."

तेवढ्यात शिडीवरून कोणीतरी ओरडलं, "टाकीची माळ वर दे!" पलीकडं ते ऐकू गेलं असावं. मग फोन ठेवला गेला.

खाली आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, एकजण घंटा वाजवत होता. मल्लप्पा ताट घेऊन शिडी चढत होता. ताटात कापूर पेटलेला. टाकीचं झाकण उघडं होतं आणि त्या तोंडावर हवा थरथरत होती, उन्हात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी. ते मला दिसत होतं. मी टाळ्या वाजवत होतो. माझ्या पाठीवरून गार घाम ओघळत होता, आणि मी टाळ्या वाजवत होतो.

फाटकाशी रिक्षा थांबली. मॅडम उतरल्या आणि पळत सुटल्या. पळायची वाट विचारणारी बाई टाकीकडे पळाली. शिडी चढल्या. कशा चढल्या त्यांना ठाऊक. मल्लप्पाच्या मागं पोचल्या, हात लांब केला आणि पेटत्या कापरावर उघडा तळवा दाबून धरला. ताट निसटून भिंतीच्या आत पडलं. घंटा थांबली.

मॅडम खाली उतरून जमिनीवरच बसल्या. दात वाजत होते.

"हे काय केलं बाई?" अण्णांचा आवाज चढलेला नव्हता. ते जास्त वाईट. "सणाच्या दिवशी आरती विझवली?"

"झाकण..." त्या म्हणाल्या. "झाकण उघडं आहे, मालक."

अण्णा माझ्याकडे वळले. "हिला सांगितलं नव्हतंस, पूजा टाकीपाशी आहे म्हणून?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मॅडमही. तळवा दुसऱ्या हातात धरून, खालून वर.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी माझा चेहरा नीट बघितला आणि मान खाली घातली.

"म्हणजे मुद्दाम," अण्णा म्हणाले. "बरोबर आहे. त्यांना आपल्या देवाचं काय?"

ते 'त्यांना' म्हणजे कोणाला, हे तिथं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. सरवदे मॅडमच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडम उठल्या. जाताना मल्लप्पाजवळ थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "ओळग होगब्याड." कानडी न येणाऱ्यालाही कळलं असतं. आत जाऊ नको.

त्या गेल्या. अण्णांनी मल्लप्पाला फावडं दिलं. "उतर."

मल्लप्पानं फावडं खाली ठेवलं. "न्हाई, मालक. मला भ्या वाटाय लागलंय."

"बायकांसारखं?"

"व्हय. तसंच म्हना."

अण्णा हट्टी माणूस. बनियनवर शिडी चढले. मल्लप्पा मागोमाग गेला आणि शिव्या खात खात त्यांच्या कमरेला दोर बांधलाच. अण्णा टाकीत उतरले. आतून त्यांचा आवाज घुमला, "बघ रे, काय झालं का? लई वास आहे, बाकी..." मग काहीतरी हसल्यासारखं. मग काहीच नाही.

मी हाक मारली. पुन्हा मारली. मल्लप्पा ओरडला, "वडा! वडा!" आम्ही दोर ओढला. असं वजन मी आयुष्यात ओढलेलं नाही. टाकीच्या तोंडातून अण्णांचं डोकं आलं तेव्हा ओठ निळे होते आणि डोळे उघडेच होते. मला वाटलं, संपलं. जमिनीवर पालथं घातलं, पाठीवर मारलं, आणि पुष्कळ वेळानं त्यांना उलटी झाली. त्या उलटीचा आवाज ऐकून मी रडलो.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझी कॉलर धरली आणि पहिलं वाक्य बोलले ते आमच्या घरच्या भाषेत. "एवरिकी चेप्पकु." कुणाला सांगू नको.

दुसऱ्या दिवशी दसरा. अण्णा माझ्या स्कूटरवर मागं बसून घरोघरी सोनं वाटायला निघाले. तोंड पांढरंफटक होतं, लोक विचारायचे, काय झालं? अण्णा आपट्याचं पान हातात देत सांगायचे, "पूजेतच चक्कर येऊन पडलो. त्या प्रदूषणवाल्या बाईनं पेटती आरती विझवली, त्याच्यानंतर लगेच." टाकीचं नाव नाही. प्रत्येक घरी तेच. मी शेजारी उभा राहून सोनं देत होतो, घेत होतो, पाया पडत होतो.

बाईचं म्हणणं खरं होतं, हे अण्णांच्या निळ्या ओठांवरून सिद्ध झालं होतं. ते निळे ओठच आम्ही तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून गावभर दाखवत फिरलो.

दिवाळीपर्यंत फरसाणवाल्यांनी त्यांना बोलवायचं बंद केलं, मग रंगाईवाल्यांनी. 'अपशकुनी' हा शब्द मी माझ्या कानानं ऐकला. रफिकभाईंनी सोडलं नाही, पण एका गॅरेजवर कुणाचं काम चालतं? मी फोन केला नाही. रोज करणार होतो. मल्लप्पानं एकदा विचारलं, "मॅडमचा हात कसा हाय, कळलं का?" मी म्हटलं, बरा असेल.

मागच्या श्रावणात टॉवेलच्या एका गिऱ्हाइकाकडे करमाळ्याला गेलो होतो. बाजाराच्या रस्त्यावर, मेथीच्या गाड्यापाशी मॅडम दिसल्या. केस सगळे पांढरे. मी हाक मारणार तेवढ्यात शेजारचं दुकान बघून थबकलो. वेल्डिंगचं दुकान. त्याला लागूनच शेतकऱ्यांना विकायला ठेवलेली डिझेलची पिंपं, एकाचं बूच उघडं, नळी आत सोडलेली. ठिणग्या पिंपापर्यंत येत होत्या. मॅडम हातभरावर उभ्या राहून मेथीची जुडी निवडत होत्या. त्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

ते बघून मला टाकीपाशी वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

"मॅडम," मी म्हणालो. "इकडं या जरा. लांब या."

"धाकटे मालक? इकडं कुठं?" पिशवी त्यांनी डाव्या हातात घेतली. उजव्या तळव्याची कातडी ताणून चकचकीत झालेली, बोटं पुरती मिटत नव्हती. त्या आता मुलीकडे राहत होत्या. मुलगी तिथल्या शाळेत शिकवते. आम्ही रस्ता ओलांडून एका बंद दुकानाच्या पायरीशी उभे राहिलो.

मी एका दमात बोललो. "त्या दिवशी मी सगळ्यांपुढं खोटं बोललो."

"माहीत आहे की," त्या म्हणाल्या. "मी तिथंच होते."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तुमचे पाय कापत होते. माझ्यापेक्षा जास्त." त्या सावकाश बोलत होत्या. "मला वाटलं, हा माणूस घाबरलाय. आता हा कुणाला आत उतरू द्यायचा नाही. मला तेवढं पुरे होतं. भांडून काय मिळणार?" मग जराशानं, "नंतर वाटायला लागलं, मीच जास्त केलं. काहीच झालं नसतं कदाचित. एवढी वर्षं लोकांना उगाच घाबरवत फिरले. म्हणून सोडलंच सगळं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना ठाऊकच नाही.

"अण्णा उतरले होते," मी म्हणालो. "तुम्ही गेल्यावर. आत बेशुद्ध पडले. दोरानं ओढून काढले. ओठ निळे पडले होते. चक्कर पूजेत आलीच नाही, मॅडम. टाकीत आली."

त्या पायरीवर बसल्या. मेथी मांडीवर. "आहेत ना? जिवंत?"

"आहेत."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं शिव्या देतील, रडतील. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. डोळे उघडून त्यांनी रस्त्यापलीकडं बघितलं, ठिणग्यांकडे, मग पिंपांकडे, आणि पाहता पाहता त्यांचे गुडघे थरथरायला लागले. मांडीवरची जुडी खाली घसरली.

"किती वेळ चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

"मी आल्यापासून."

"आणि मी तिथं उभी होते?"

मी मान हलवली. भिंतीचा आधार घेत त्या उठल्या. मी हात पुढं केला, त्यांनी घेतला नाही. "तुम्ही जावा आता," एवढंच म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडायला लागल्या. गाड्यांना भीत, दोनदा मागं येत, तिसऱ्यांदा पलीकडे.

वेल्डिंगवाल्यानं तोंडावरचा पत्रा वर केला. तरणा गडी होता. त्या काहीतरी बोलल्या. तो हसला. शेजारचे दोघं हसले. मॅडमनी उजवा हात पुढं केला, न मिटणारी बोटं तशीच पसरलेली, आणि त्याच्या हातातली वेल्डिंगची कांडी मागितली.

मधे एक एस.टी. आली आणि थांबून राहिली. ती हलली तेव्हा ठिणग्या बंद होत्या. हसणारं कोणी नव्हतं. मॅडमचा हात अजून तसाच पुढं होता, आणि तो पोरगा त्या तळव्याकडे बघत होता.